एलिट डेंजरस: सोन्याची खेप, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये शनिवारी रात्री डायग्वांड्री या तारामंडळातल्या रे गेटवे स्टेशनवर माझी मालवाहू टाइप-८ उभी केली आणि माल आणून देण्याची कामं दाखवणारा मिशन बोर्ड उघडला. दोन वेगवेगळ्या गटांना सोनं हवं होतं, तिसऱ्याला चांदी. तिन्ही मिशनं घेतली. एकाच वेळी वीसपर्यंत मिशनं घेता येतात, त्यामुळे निघण्याआधी एकाच दिशेचा माल मागणारी जमवून घ्यावीत. पण दोघांनी सोनं मागितलं म्हणून एकच खेप दोघांना चालत नाही. प्रत्येकाचे टन वेगळे मोजले जातात.

सोनं-चांदी खाणकाम किंवा रिफायनरीची अर्थव्यवस्था असलेल्या स्टेशनांवर मिळते. शोध इनारा या खेळाच्या माहितीच्या वेबसाइटवर घेतला. लोक तिथे फक्त भाव आणि प्रकाशवर्षं बघतात, पण खरा वेळ जातो ताऱ्यापासून स्टेशनपर्यंत. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जंप मिनिटाभरात होते, पुढचे प्रकाश-सेकंद मात्र एकेक करून कापावे लागतात. अल्फा सेंटॉरीमधलं हटन ऑर्बिटल ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं, म्हणजे ६७ लाखांहून जास्त प्रकाश-सेकंद दूर आहे. साध्या सुपरक्रूझने, म्हणजे सिस्टीमच्या आतल्या प्रवासाच्या वेगाने, तासाच्या वर जातो. तिथे अ‍ॅनाकोंडा हे मोठं जहाज फुकट मिळतं असं नव्या खेळाडूंना हसत हसत सांगतात. आउटपोस्टवर, म्हणजे अशा छोट्या स्टेशनवर, उतरायला मोठा पॅडच नाही, अ‍ॅनाकोंडा तिथे उतरतही नाही! मी चार उड्या जास्त मारीन, पण पाच हजार प्रकाश-सेकंदांच्या पुढचं स्टेशन घेत नाही.

पॅडचं गणितही आधीच करून ठेवा. टाइप-९ या मोठ्या मालवाहू जहाजात माल भरपूर मावतो, पण तिला मोठा पॅड लागतो आणि आउटपोस्ट सगळे बाद होतात. टाइप-८ मध्यम पॅडवर बसते, तरी चारशे टनांच्या आसपास माल नेते. आणून देण्याच्या मिशनांसाठी मला तीच बरी वाटते. शोधताना फ्लीट कॅरियर, म्हणजे खेळाडूंची फिरती स्टेशनं, वगळा, ते कधी उडून जातील याचा नेम नाही. पुरवठा मागणीच्या दुपटीने तरी हवा, आणि माहिती शिळी नको. आकडा दोन दिवसांपूर्वीचा असेल तर मधल्या काळात कोणीतरी गोदाम झाडून नेलेलं असतं.

परतीचा मार्ग भरलेल्या जहाजाच्या हिशेबाने आखा. गॅलेक्सी मॅपवर मालाचं वजन ठरवायचा स्लायडर आहे, तो पूर्ण भरलेल्यावर ठेवला की जंपची खरी लांबी दिसते. रिकाम्या जहाजाच्या भरवशावर निघालात तर परतीला उड्या वाढतात.

परतताना एक लुटारू मागे लागलाच आणि मला सुपरक्रूझमधून खेचू लागला. सुटण्यासाठी ओढाताण खेळायची गरज नाही. वेग शून्यावर आणायचा, म्हणजे शरणागती. असं केलं की जंपचा ड्राइव्ह लवकर थंड होतो. मग बूस्ट मारत दुसरी सिस्टीम निशाण्यावर घ्यायची आणि जंप. त्याच सिस्टीममध्ये सुपरक्रूझला जाऊ पाहाल तर जवळच्या जहाजाचा मासलॉक, म्हणजे त्याच्या वस्तुमानाने ड्राइव्हला होणारा अडथळा, आडवा येतो, दुसऱ्या सिस्टीमच्या जंपला तो लागू नाही. खऱ्या माणसांचा त्रास नको असेल तर सोलो मोडमध्ये, म्हणजे एकट्याने, खेळा, आकाशगंगा तीच असते.

स्टेशनजवळ येताना पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा आकडा ७ सेकंदांवर आला की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर. पुढे जाऊन वळसा घालावा लागत नाही. सुपरक्रूझला जादा वेग देणारा एससीओ ड्राइव्ह असेल तर लांबचं अंतर झपाट्याने कटतं, पण इंधन आणि उष्णता दोन्हीकडे डोळा ठेवा.

माल एकदम देण्याची सक्ती नाही. मिशन बोर्डवरच्या डेपोत आज अर्धा टाका, बाकीचा पुढच्या फेरीत. विंग मिशनमधले, म्हणजे गटाने करायच्या मिशनमधले, हजारो टन असेच होतात, आणि चौघांत वाटून घेता येतात. शेवटी बक्षीस निवडताना नवीन असाल तर क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, घ्या. त्या गटात नाव झालं की पुढची मिशनं जास्त पैशांची येतात, म्हणून सुरुवातीच्या जमवाजमवीनंतर एक-दोनदा प्रतिष्ठेचा पर्यायही निवडायला हरकत नाही.