पेरूच्या पानांचा अर्क: बॅच ४, आणि काळं पडण्याचं कारण सापडलं!

मंडळी, सापडलं! क्रीममध्ये घालायच्या अर्काची बॅच ३ काळी पडली म्हणून मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं ना, तो काळेपणा पानं हवेने तपकिरी पडण्याचा (ऑक्सिडेशनचा) नव्हताच, लोखंडाचा होता.

रेसिपी तीच, पानं दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, सावलीत वाळवून पूड, मग ती ग्लिसरीन-पाण्यात (६०:४०) भिजत. असं उकळत्या पाण्यातून काढलं (ब्लांच केलं) की तपकिरी पाडणारं एन्झाइम मरतं, तरी चौथ्या दिवशी बाटली निळसर काळी. व्हिटॅमिन सी घातलं तर रंग उतरला, मी खूश, आणि आठवड्याभरात परत तेच, वरून खाली काळं उतरत आलेलं.

परवा आवळे चिरायला विळी घेतली तर आई म्हणाली, "अगं स्टीलची सुरी घे, विळीवर काळे पडतात," आणि ट्यूब पेटली. पूड मी लोखंडी खलबत्त्यात करत होते! पेरूच्या पानांत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, त्यात लोखंड मिसळलं की चक्क शाई होते. काळा रंग देतं ते लोखंडाचं फेरिक रूप, व्हिटॅमिन सी त्याचं फेरस रूप करतं म्हणून रंग जातो, हवा लागली की पुन्हा फेरिक, पुन्हा काळं. बॅच ४ दगडी खलात कुटली, आज १२वा दिवस, कोऱ्या चहासारखा तांबूस रंग तस्साच आहे, खिडकीशी धरून किती वेळ बघत बसले.

अर्क अँटिऑक्सिडंट आहे का बघायला टाकलेला बेटाडीनचा थेंबही विरघळून रंगहीन झाला, नुसत्या ग्लिसरीन-पाण्यात तसाच राहिला. ही टेस्ट व्हिटॅमिन सी न घातलेल्या बाटलीवरच करा, नाहीतर सीच रंग घालवतं. आणि 'कॉस्मेटिक ग्रेड' ग्लिसरीनला तिप्पट पैसे देऊ नका, मी दिले, मेडिकलमधल्या साध्या बाटलीत काही फरक दिसला नाही.

हा अर्क सनस्क्रीनचं काम करेल का, असं विचारणाऱ्यांना, माझा तपासायचा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा, म्हणजे फक्त यूव्हीए. त्वचा भाजणारं यूव्हीबी २९० ते ३२०, ते त्यात दिसतच नाही. अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे एसपीएफ (सनस्क्रीनवरचा ऊन अडवण्याचा आकडा) आहे असं नसतं, त्यामुळे क्रीममध्ये ऊन अडवायचं काम झिंक ऑक्साइडचंच, अर्क फक्त जोडीला, आणि मी डबीवर आकडा लिहिणार नाही.

पुढच्या बॅचला ईडीटीए (लोखंडासारखे धातू बांधून ठेवणारं रसायन) घालायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं की हा अर्कच काळा पडून कुठे लोखंड आहे ते दाखवून देतोय की! आधी नळाचं पाणी, आरओचं पाणी आणि झिंक ऑक्साइडची पेस्ट, तिन्हींत दहा-दहा थेंब टाकून रात्रभर ठेवते. कुठे काळं पडलं तरच ईडीटीए. शेवग्याच्या पाल्याचा अर्क तोवर थांबेल.