पाठवलं की टाकलं?

न्यू जर्सीच्या न्यायालयांत मी गुजराती आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. माझं माहेर बडोद्याचं. घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की गुजराती, त्यामुळे ती भाषा मला कुणी शिकवावी लागली नाही. एका सकाळी मात्र तिचा एकच शब्द उच्चारताना माझा घसा कोरडा पडला होता. कौटुंबिक न्यायालयातलं कामकाज गोपनीय असतं, म्हणून मुलाची ओळख पटेल असं सगळं इथे बदललं आहे.

मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा, मेहसाण्याकडचा. एजंटच्या हातून देशामागून देश ओलांडत मेक्सिकोच्या सीमेवर पोचला आणि पकडला गेला. सोबत आईवडील नसलेल्या अशा मुलाला सीमेवरच्या यंत्रणेने 72 तासांत केंद्राच्या आरोग्य खात्याकडे सोपवायचं असतं. तिथून निवारागृह, आणि मग नातेवाईक सापडला तर त्याच्या घरी. याला मामा सापडला. पण मामाच्या घरी राहिला म्हणून मामा कायद्याने पालक होत नाही. त्यासाठी राज्याच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि वय उलटण्याआधी करावा लागतो.

अशा मुलांसाठी 1990 पासून इथे कायदेशीरपणे राहण्याची एक वाट आहे, 2008 मध्ये ती रुंद झाली. राज्याच्या न्यायाधीशाने आधी तीन गोष्टी ठरवायच्या: मूल न्यायालयाच्या आधाराखाली किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या ताब्यात आहे, छळ, हेळसांड किंवा परित्याग यांमुळे आईवडिलांपैकी निदान एकाकडे ते परत जाऊ शकत नाही, आणि मायदेशी परतणं त्याच्या हिताचं नाही. न्यायाधीश व्हिसा देत नाही, पण त्याचा आदेश हातात असल्याशिवाय केंद्राचं इमिग्रेशन खातं या वाटेचा अर्जच मंजूर करत नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षं जातात. ही बहुतेक मुलं ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरची असतात, त्यामुळे स्पॅनिशच्या दुभाषांना अशी कामं नेहमीची. माझ्या वाट्याला क्वचित येतात.

सुनावणीआधी छोट्या खोलीत वकीलबाईंनी त्याला एक गोष्ट पुन्हा समजावली. या मार्गाने इथे राहायला मिळालं तर त्याच्या जिवावर त्याच्या जन्मदात्यांना कधीही अमेरिकेत येता येणार नाही, तो पुढे नागरिक झाला तरीही. मी ते गुजरातीत सांगितलं. त्याने विचारलं, "क्यारेय नहीं?" कधीच नाही? मी तो प्रश्न इंग्रजीत केला आणि उत्तर गुजरातीत दिलं. मामा जमिनीकडे बघत होता.

आई तो नऊ वर्षांचा असताना वारली. वडिलांनी दुसरं लग्न करून दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलं, हा आजीपाशी राहिला. चौदाव्या वर्षी वडील आले, त्याची शाळा सोडवली आणि त्याला हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चकतीवर, बसवून गेले. पगार तेच घेऊन जायचे.

वकीलबाईंनी न्यायाधीशांसमोर विचारलं, तुझ्या वडिलांनी तुझा परित्याग केला का? मराठीत माझ्या मनात चटकन "टाकलं" आलं. टाकलेली बायको, टाकलेलं पोर. गुजरातीत त्याच तोलाचा शब्द आहे "तरछोडवुं". शपथ घेतलेल्या दुभाषाला शब्दाची धार बोथट करायची मुभा नसते. मी म्हटलं, "पप्पाए तने तरछोडी दीधो?"

त्याने मान वर केली. "ना. पप्पाए मने छोडी नथी दीधो. मोकल्यो छे."

सोडलं नाही, पाठवलंय. तो "मी" म्हणाला की दुभाषानेही "मी"च म्हणायचं असतं, म्हणून इंग्रजीत मी म्हणाले, त्यांनी मला सोडलं नाही, मला पाठवलं. न्यायालयात शांतता पसरली. त्या एका उत्तराने अर्ज कोसळू शकतो हे मला दिसत होतं, आणि मी काहीही करू शकत नव्हते.

न्यायाधीश घाईत नव्हते. त्यांनी तो शब्द बाजूला ठेवला आणि साधं विचारायला सुरुवात केली. शाळेची फी कोण भरायचं? "बा." म्हणजे आजी. आजारी पडलास की? "बा." वडिलांचा शेवटचा फोन कधी आला? बराच वेळ गेला. "दिवाळीए." कुठल्या? "आ नहीं, एनी आगलीए." यंदाची नाही, तिच्या आधीची.

कारखान्यात काय करायचास, यावर तो बोललाच नाही. अंगठा आणि तर्जनी जुळवून न दिसणारा हिरा त्याने डोळ्याशी नेला, खाली चकतीवर टेकवला, पुन्हा डोळ्याशी नेला. हातवाऱ्यांचं भाषांतर दुभाषी करत नाही, म्हणून वकीलबाईंनीच ते नोंदीसाठी शब्दांत सांगितलं. दिवसाचे किती तास? दहा, कधी बारा.

त्याच्या गावाकडे याला कुणी हेळसांड म्हणत नाही, "धंधे लागी गयो" म्हणतात. पण 2015 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण भारतातूनच आलेल्या, शाळा सुटून बांधकामावर राबलेल्या मुलाचं होतं. खालच्या पातळीवर तिथे भारतातला कायदा बघितला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हेळसांड इथल्याच कायद्याने तपासा, आणि आई व वडील दोघांबद्दल वेगवेगळा निष्कर्ष द्या. मला तो निकाल योग्य वाटतो. गावाला सवय झाली म्हणून चौदा वर्षांच्या पोराची पाठ दुखायची थांबत नाही.

वडिलांना नोटीस गेली होती, पोच आली होती, उत्तर नव्हतं. न्यायाधीशांनी ताबा मामाला दिला आणि निष्कर्ष वाचायला घेतले. मी त्याच्या कानाशी वाकून कुजबुजत होते: वडिलांकडून हेळसांड, वडिलांकडून परित्याग. प्रत्येक वाक्याला त्याचा खांदा माझ्यापासून थोडा लांब सरकत होता.

शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, तुला काही सांगायचंय?

"मारा पप्पा खराब माणस नथी. एटलुं लखशो?"

माझे पप्पा वाईट माणूस नाहीत, एवढं लिहाल का? न्यायाधीशांनी समोरच्या मायक्रोफोनकडे बोट केलं आणि म्हणाले, इथे बोललेलं सगळं नोंदलं जातं, हेही नोंदलं गेलंय. मी त्याला ते सांगितलं. त्याने मायक्रोफोनकडे पाहिलं, त्याच्या जवळ सरकला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हणाला. मग माझ्याकडे बघत थांबला. मी पुन्हा इंग्रजीत म्हणाले, माझे वडील वाईट माणूस नाहीत.