पोतेभर नारळाची सोडणे आणि अहवालाचे तिसरे पान

लाकडावर चालणाऱ्या, कमी धुराच्या शेगड्या विकणाऱ्या, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील ज्या कार्यालयाच्या मी सहा आठवड्यांत पाच खेपा घातल्या, त्याचे नाव येथे लिहिणार नाही. परंतु दोन-अडीच हजारांच्या एका शेगडीसाठी माणसाला इतके हेलपाटे घालावे लागतात, याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे घर ठाण्यात, कोलशेतच्या गावठाणात आहे. समोर ३० मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी आमच्या परसात अजून पाच माड आहेत आणि मागच्या पडवीत आईची चूल आहे. घरात गॅस आहे, चहा-कुकर त्यावरच होतो. तरीही आंघोळीचे पाणी, मासळीचे कालवण आणि तांदळाची भाकरी या तीन गोष्टींसाठी आई चूलच पेटवते. गेल्या पावसाळ्यात तिचा खोकला दोन महिने हटला नाही, तेव्हा डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितले. आईने त्यांच्यासमोर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे फुंकणी हातात घेतली. चूल सुटणार नाही, हे गृहीत धरूनच धूर कमी करण्याचा मार्ग शोधायला मी निघालो.

शेगड्यांचे प्रकार समजून घ्यायला मला फार वेळ लागला नाही. धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते ज्योतीत जळून जातात, नाहीतर धूर होऊन डोळ्यांत जातात. म्हणून चांगल्या शेगडीत जाळीच्या खालून एक हवा येते आणि ज्योतीच्या वरच्या भागात, भोकांमधून, दुसरी हवा सोडलेली असते. काही शेगड्यांत ही हवा आपोआप ओढली जाते, काहींत छोटा पंखा ती ढकलतो. पंख्याच्या शेगडीचा धूर खरोखरच कमी असतो. परंतु तिला बारीक तुकडे किंवा कारखान्यात दाबून केलेल्या पेलेट लागतात, शिवाय चार्जर सांभाळावा लागतो. ज्या प्रकारात जळण वरून एकदाच भरून वरूनच पेटवतात, त्यात मध्येच नवे लाकूड टाकले की धुराचा लोट उठतो, आणि आईला तर दर पाच मिनिटांनी चुलीत काही ना काही सारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून पंख्याविना चालणारी, समोरच्या तोंडातून लाकूड सारायची शेगडी घ्यायची, असे मी पहिल्या आठवड्यातच ठरवले. पुढचा सगळा घोळ एकाच शब्दाने घातला, आणि तो शब्द म्हणजे ‘मल्टि-फ्युएल’, अर्थात अनेक प्रकारच्या जळणांवर चालणारी.

वर सांगितलेल्या कार्यालयातील माहितीपत्रकावर तो ठळक अक्षरांत छापलेला होता आणि त्याखाली लाकूड, गोवऱ्या, नारळाची सोडणे (वरची काथ्याची आवरणे), करवंट्या, कोळसा आणि लाकडाचा भुसा अशी यादी होती. आमच्याकडे पाच माडांची सोडणे वर्षभर साचतात, त्यामुळे माझे डोळे त्या शब्दावर खिळले. शेजारीच ‘धूररहित’ असेही छापले होते. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्याच्या तपासणी विभागात २६ वर्षे काढलेली असल्यामुळे साहजिकच विचारले, “याचा चाचणी अहवाल आहे का?” काउंटरवरील तरुणाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी शेगडीची जन्मपत्रिका मागितली होती. “व्हॉट्सॲपवर पाठवतो, काका,” तो म्हणाला.

चार दिवसांनी जे आले, ते आयएसओ ९००१चे प्रमाणपत्र होते. हे प्रमाणपत्र कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळते. शेगडी किती धूर सोडते, याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. उद्या धुराचे लोट सोडणारी शेगडी जरी एखाद्याने ठरलेल्या पद्धतीने, सगळ्या नोंदी ठेवून बनवली, तरी त्याला ते मिळू शकते. घरगुती लाकूडशेगडीसाठी आपल्याकडे वेगळे भारतीय मानक आहे, आयएस १३१५२ (भाग १), आणि त्याची २०१३ सालची आवृत्ती पाहायची असते. पंख्याविना चालणाऱ्या शेगडीची उष्णता-कार्यक्षमता, म्हणजे जळणाच्या उष्णतेपैकी भांड्यात पोहोचणारा वाटा, त्यानुसार किमान २५ टक्के आणि पंख्याच्या शेगडीची किमान ३५ टक्के असावी लागते. भांड्यात पोहोचलेल्या दर मेगाज्युल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ५ ग्रॅमच्या आत आणि धुरातील कण पहिल्या प्रकारात ३५० मिलिग्रॅम, दुसऱ्या प्रकारात १५० मिलिग्रॅमच्या आत हवेत. मी हे आकडे कागदावर लिहून दुसऱ्या खेपेला घेऊन गेलो. तरुणाने कागदाचा फोटो काढला आणि ‘वरती’ पाठवला.

तिसऱ्या खेपेला खरा चाचणी अहवाल हाती आला, परंतु तो दुसऱ्याच नमुन्याचा (मॉडेलचा) होता. त्यावरील शेगडी उंच होती, तिचा नमुना क्रमांक वेगळा होता आणि तोंडाची मापेही जुळत नव्हती. हे मी दाखवले, तर उत्तर आले, “एकच आहे काका, फक्त साइझ वेगळी आहे.” आता शेगडीत साइझ हीच तर सगळी गोष्ट आहे. तोंड किती रुंद, आतल्या नळकांड्याची उंची किती, भांड्याचे बूड आणि शेगडीची कड यांत अंतर किती, यावरच हवा किती ओढली जाते आणि ज्योत कुठे संपते हे ठरते. एक बोट अंतर वाढले तरी फरक पडतो. हे सर्व मी शांतपणे सांगितले, असे आता मला वाटते. तेथील लोकांना मात्र तसे वाटले नसावे, कारण त्यानंतर माझे फोन उचलणे बंद झाले.

चौथ्या खेपेला त्याच नमुन्याचा अहवाल मिळाला. कार्यक्षमता २७ टक्के, कार्बन मोनॉक्साइड आणि कण दोन्ही मर्यादेच्या आत. मी जवळजवळ पैसे काढलेच होते, तेवढ्यात पानाच्या तळाशी ‘३ पैकी २’ असे दिसले. तिसरे पान नव्हते. ते हेड ऑफिसमध्ये राहिले, असे सांगण्यात आले. “पहिल्या दोन पानांवर सगळं चांगलंच आहे ना, मग तिसरं कशाला?” असा प्रश्नही मला विचारण्यात आला, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तो पटला. परंतु कोणते जळण वापरून हे आकडे आले, याचा उल्लेख त्या दोन पानांवर कुठेच नव्हता. मी विचारले. “मल्टि-फ्युएल म्हणजे काहीही टाका, पेटतं,” तो म्हणाला. पेटायला आमची चूलही पेटते, असे सांगून मी बाहेर पडलो.

पाचव्या खेपेला मी अहवाल मागितलाच नाही. घरून एक पोते भरले, त्यात सोडणे, करवंट्या, थोड्या गोवऱ्या आणि वखारीतून आणलेली बाभळीची वाळलेली ढलपी घातली, आणि रिक्षाने थेट वागळे इस्टेट गाठली. पोते पाहून सुरक्षारक्षकाने मला आत सोडायला नकार दिला. कचरा टाकायला आलो असे त्याला वाटले. अर्ध्या तासाने व्यवस्थापक स्वतः खाली आले. मी त्यांना सांगितले की तुमची शेगडी, माझे जळण, तुमचे आवार, आणि धूर झाला नाही तर दोन शेगड्या आत्ता घेतो. दोन शेगड्यांच्या आमिषाने असेल किंवा माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून असेल, परंतु त्यांनी होकार दिला.

बाभळीची बारीक ढलपी सुंदर पेटली. पहिली तीन-चार मिनिटे सोडली तर धूर दिसतच नव्हता. व्यवस्थापकांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मग मी करवंट्या फोडून त्यांचे दोन बोटांएवढे तुकडे सारले. त्यांची ज्योत मोठी झाली, थोडी काजळी धरली, पण धूर सुसह्य होता. गोवऱ्यांनी तापमान उतरवले आणि दहा मिनिटांत राखेने जाळी बुजवली. शेवटी सोडणे घातली. सोडण हलके आणि फुगीर असल्यामुळे शेगडीचे तोंड त्यानेच भरून गेले, हवेची वाट बंद झाली, काथ्या पेटण्याऐवजी धुमसू लागला आणि पिवळट-पांढरा धूर आवारातून जिन्यात आणि जिन्यातून पहिल्या मजल्यावरच्या वातानुकूलित कार्यालयात शिरला. वरून कोणीतरी खिडकी उघडून ओरडले. सुरक्षारक्षक पाण्याची बादली घेऊन आला. तो दिवस आठवला की मला आजही समाधान वाटते. हे फारसे चांगले नाही, पण खरे आहे.

त्यानंतर पंधरा मिनिटांत हेड ऑफिसमधले तिसरे पान त्याच कार्यालयातील एका कपाटातून निघाले. त्यावर चाचणीचे इंधन म्हणून ‘लाकूड’ एवढेच होते, तेही एका मापात कापून सुकवलेले. सोडणे, गोवऱ्या, भुसा, यांपैकी कशाचीही चाचणी झालेली नव्हती. म्हणजे अहवाल खरा होता आणि शेगडीही चांगली होती; खोटा होता तो माहितीपत्रकावरचा त्या दोन शब्दांचा शेजार, कारण ‘धूररहित’ हे एका जळणासाठी होते आणि ‘मल्टि-फ्युएल’ हे बाकीच्या सगळ्यांसाठी. म्हणून कोणी मला विचारले, तर मी सांगतो की आधी घरात वर्षभर कोणते जळण असणार ते ठरवा आणि अहवालात त्याच जळणाचे नाव शोधा. ते नसेल तर स्वतःचे जळण नेऊन पेटवून पाहा.

मी शेगडी तिथून घेतली नाही. जांभळी नाक्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात त्याच पद्धतीची, मानकाचा क्रमांक आणि नमुना क्रमांक अंगावर कोरलेली शेगडी २,४०० रुपयांना मिळाली. दुकानदाराने तिन्ही पाने न मागता दाखवली आणि “लाकूड नि करवंटी, बाकी काही टाकू नका,” असे स्वतःहून सांगितले. पाऊण तासात व्यवहार संपला.

घरी आल्यावर मी जुन्या सवयीने मोजमाप केले. दहा लिटर पाण्याला उकळी आणायला चुलीला १,६०० ग्रॅम लाकूड लागले, शेगडीला ७५० ग्रॅम. मात्र हे लाकूड मार्चमधले, दोन महिने छपराखाली वाळलेले होते. ओले लाकूड घातले तर त्यातले पाणी वाफ होण्यातच उष्णता जाते आणि कोणत्याही शेगडीचा धूर चुलीएवढाच होतो, त्यामुळे पावसाळ्याचे सरपण मे महिन्यातच भरून ठेवावे. लाकडे अंगठ्याएवढी फोडावीत आणि तोंडात वरपर्यंत कोंबू नयेत. खालची वाट हवेची आहे. हे आईला समजावायला मला शेगडी निवडण्यापेक्षा अधिक दिवस लागले.

खरेदीआधी सांगायला हवी होती, अशी एक गोष्ट राहिली. आपले सर्वांत मोठे पातेले आणि तवा दुकानात घेऊन जावे. आमचा पाण्याचा हंडा शेगडीवर जरा डुगडुगतो, म्हणून आता खाली तिच्याभोवती विटा लावल्या आहेत.

दुसरी त्याहून महत्त्वाची. धूर कमी म्हणजे विषारी वायू कमी, असे नाही. कोळशाला आणि निखाऱ्यांना धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. आमच्या समोरच्या इमारतीतील एका ओळखीच्यांनी फ्लॅटच्या बंद बाल्कनीत अशी शेगडी ठेवण्याबद्दल विचारले, तेव्हा मी त्यांना साफ नाही म्हटले. आमची पडवी दोन बाजूंनी उघडी आहे, म्हणून आमच्याकडे चालते.

आईचे मत वेगळे आहे. १९८०च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून गावोगाव नळीच्या सुधारित चुली बसवल्या गेल्या, त्यांतली एक आमच्याकडेही होती. नळी काजळीने बुजली, ती साफ करायला कोणी आले नाही आणि आईने ती चूल पुढच्या दिवाळीत फोडली. नव्या शेगडीकडेही ती त्याच नजरेने पाहत होती. पाणी तिच्यावर तापते, कालवणही होते, पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख लावली की काजळी धुवायलाही सोपी जाते, एवढे ती आता मान्य करते. भाकरीचे मात्र जमले नाही. शेगडीची ज्योत मध्यावर एकवटते, त्यामुळे तव्यावर भाकरीचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. शिवाय तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करून फुगवायची असते, आणि शेगडीला तसे तोंडच नाही. जाड बिडाचा तवा आणून पाहिला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. म्हणून भाकरीपुरती, सकाळची वीस मिनिटे, चूल अजून पेटते. पूर्वी ती तीन तास पेटत असे. खोकला कमी आहे. सोडणे आता माडांच्या आळ्यात पसरतो, आणि ते पोते धुऊन पुन्हा ढलपी भरायला घेतले आहे.