सिंहाच्या पंजांपाशी आलेला फोन

सिगिरियाच्या कड्यावर अर्धं चढून गेलं की एक मोठी सपाट जागा लागते. समोर विटांचे, वर गिलावा दिलेले सिंहाचे दोन प्रचंड पंजे, आणि त्यांच्यामधून वर जाणारा जिना. पाचव्या शतकात काश्यप राजानं माथ्यावर राजवाडा बांधला, तेव्हा म्हणे वर अख्खा सिंह होता आणि माणसं त्याच्या तोंडातून आत जायची. आता पंजेच उरलेत. इथे पाट्या आहेत, शांतता राखा म्हणून. कारण धार्मिक वगैरे नाही, कड्याला आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. त्या चवताळल्याच तर लोकांना आत शिरता यावं म्हणून जाळीचा एक पिंजरासुद्धा बांधून ठेवलाय. लंकेची माझी ही 19वी टूर. दर वेळी मी ग्रुपला तिथे सांगते, "इथे पाणी प्या, बोलू नका," आणि दर वेळी कोणी तरी लगेच ओरडतं, "अहो, इकडे या, फोटो!"

त्या सकाळी ओरडायची पाळी माझ्यावर आली होती, आणि मला कुजबुजावं लागत होतं.

ग्रुप 31 जणांचा, 'लक्झरी' वर्गातला. मराठी माणसाची लक्झरी म्हणजे काय, यावर मी प्रबंध लिहू शकेन. खोलीला तलावाचा व्ह्यू आहे की नाही याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. संध्याकाळी चहा मिळाला का, जेवणात एक तरी पोळीसारखी दिसणारी वस्तू होती का, आणि बसमध्ये पुढची सीट रोज त्याच जोडप्याला कशी मिळते, यावर टूरचे तारे ठरतात. बाकीचं सगळं आम्ही आधी कागदावर जिंकून ठेवलेलं असतं. तारखा ठरवताना मी आधी पौर्णिमा बघते. लंकेत दर पौर्णिमेला पोया असतो, सार्वजनिक सुट्टी, दारूविक्री बंद, पंचतारांकित हॉटेलचा बारसुद्धा. एकदा एका मित्रमंडळाची साठीची पार्टी नेमकी पोयाला आली होती. आठ निवृत्त अधिकारी शहाळ्यासारख्या केशरी थंबिलीच्या नारळांनी चिअर्स करत होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर कालनिर्णय असतं. सिगिरियाच्या तिकिटाला सार्क देशांच्या पासपोर्टवर मोठी सवलत मिळते, म्हणून पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या फाइलमध्ये, आणि ग्रुपमधल्या अमेरिकन पासपोर्टवाल्या जावयाला पूर्ण तिकीट का, हे त्याच्या सासऱ्यांना समजावण्यासाठी दहा मिनिटं वेगळी राखलेली.

जेवणाबद्दल तर मी जरा जास्तच मिजास करते. पोल संबोल म्हणजे खवलेल्या ओल्या नारळाची लालभडक चटणी, दिसायला आपल्या घरच्यासारखी निष्पाप. तिच्यात बहुतेक वेळा उंबलकड असतं, वाळवलेल्या माशाचा चुरा. कधी कधी डाळीतही पडतं. कोकणातल्या माणसाला तो वास लगेच ओळखू येतो, पण सांगलीच्या जैन काकूंना कसा येणार? म्हणून मी प्रत्येक हॉटेलात स्वतः स्वयंपाकघरात जाते आणि आचाऱ्याला सिंहलीत सांगते, "उंबलकड एपा." एपा म्हणजे नको. आचारी मान डोलावतो, "हरि, हरि." त्यांच्या भाषेत हरि म्हणजे बरं, ठीक. पहिल्या टूरला एका काकांना वाटलं होतं की हा माणूस फारच भाविक आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की आमचा बुकिंगचा फॉर्म दोन पानी आहे. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, गुडघ्याचा त्रास, रक्तदाब, झोपेत घोरता का (खोली शेअर करणाऱ्यांसाठी), सगळ्याला रकाना आहे. त्यातले निम्मे रकाने माझ्या आग्रहावरून आले.

ग्रुपमध्ये नागपूरच्या एक बाई होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि बरोबर त्यांचा मुलगा, 27-28 वर्षांचा. बाईंनी बुकिंगच्या आधी तीनदा फोन करून एकच विचारलं होतं, "अनुराधापुर आहे ना?" आमच्या टूरमध्ये अनुराधापुर नाही. आधी होतं. लोक म्हणायला लागले, सगळे स्तूप सारखेच दिसतात, ऊन लागतं, बूट काढून काढून पाय पोळतात. मग मार्केटिंगनं ते काढलं आणि त्या जागी 'रामायण मार्ग' घातला: रंबोड्याचा हनुमान, सीता एलियाचं देऊळ. तेच विकलं जातं. सेल्सच्या मुलीनं बाईंना सांगितलं, "ऑप्शनल करून देऊ मॅडम." सेल्सच्या तोंडी ऑप्शनल म्हणजे 'तिथे गेल्यावर टूर मॅनेजर बघेल.'

मग टूर मॅनेजरनं बघितलं. सिगिरियाच्या दिवशी पहाटे आमच्या हबरणच्या हॉटेलातून त्या दोघांसाठी वेगळी गाडी करून दिली. अनुराधापुर तिथून सव्वा-दीड तासावर. बाई पांढऱ्या साडीत, नाश्त्याचा डबा मांडीवर. मुलगा जाकीट घालून, डोळे अर्धे मिटलेले. मी हात केला आणि 29 जणांना घेऊन सिगिरियाला गेले.

पंजांपाशी पोचलो तेव्हा आमच्या गाइडचा फोन थरथरला. गाइड साठीचे, अतिशय मोजून बोलणारे गृहस्थ, स्वतः बौद्ध. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. फोन हातानं झाकून ते मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलाच्या हातावर बुद्ध आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गाडीत उकडलं म्हणून मुलानं जाकीट काढलं होतं. आत अर्ध्या बाह्यांचा पांढरा टीशर्ट, आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ध्यानस्थ बुद्ध गोंदवलेला. पुढे बोधिवृक्षाच्या आवाराआधी तपासणी. गाडीचा ड्रायव्हर कोवळा पोरगा, घाबरून रस्त्याच्या कडेला थांबला होता.

लंकेत बुद्धाचा टॅटू हा बुद्धाचा अपमान समजला जातो. 2014 मध्ये एका ब्रिटिश नर्सला तेवढ्यासाठी विमानतळाबाहेर अटक करून परत पाठवलं होतं. ती स्वतः बौद्ध धर्म मानणारी होती. पुढे 2017 मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टानं तिला नुकसानभरपाई द्यायला लावली, पण सुप्रीम कोर्ट काही गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेलं नसतं. हे सगळं मला माहीत होतं. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे मी बसमध्ये माइकवर सांगते. खांदे-गुडघे झाका, हे सांगते. टॅटूचं फक्त एकदा, एका गोऱ्या पाहुण्याला सांगितलं होतं. आमच्या माणसांत कोणाच्या हातावर बुद्ध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 19 टूर केल्यानंतर, महाराष्ट्रात राहून. हे वाक्य मी त्या दिवसापासून स्वतःला बऱ्याचदा ऐकवलंय.

गाइडनी फोन माझ्या हातात दिला. मी पंजाकडे तोंड करून, तोंडावर हात धरून, कुजबुजत त्या मुलाला सांगितलं की हात झाकावा लागेल.

"तुम्ही काय बोलून राहिल्या मॅडम?" तो म्हणाला. "बुद्धाले लपवू काय? बुद्धाच्याच दारात?"

मी अटकेचं सांगितलं. तो म्हणाला, "ते फॅशनवाल्यांसाठी असंल. मी फॅशन केली नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. तो म्हणाला, "तुम्हाले माहीत आहे, त्यांना सांगा ना मग." माझ्यामागे कोणी तरी हसलं, गाइडनी त्यांना गप्प केलं. मला खरं तर मोठ्यानं म्हणायचं होतं की अरे बाबा, तुझं बरोबर आहे आणि तरीही झाक. पण एवढं सगळं कुजबुजीत मावत नाही. कुजबुजीत माणूस नेहमी लबाडच वाटतो.

मग फोन बाईंनी घेतला. "मॅडम, माझ्या पर्समध्ये हातमोजे आहेत," एवढंच म्हणाल्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात स्कूटरवर बायका घालतात ते पांढरे सुती मोजे, बोटांपासून थेट दंडापर्यंत. बाईंनी ते फेब्रुवारीतही पर्समध्ये ठेवले होते. डावा मोजा त्यांनी मुलाला चढवला. रात्री मला दाखवला: अंगठ्याजवळ उसवलेला, हँडलच्या ग्रिपचा काळा डाग पडलेला, वर इलॅस्टिक सैल झालं होतं म्हणून सेफ्टीपिन लावलेली.

बोधिवृक्षापाशी काय झालं, ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी पोर्चमध्ये चहा घेताना बाईंनी सांगितलं. त्यांना ते झाड बघायचंच होतं. संघमित्रेनं इ.स.पू. तिसऱ्या शतकात बोधगयेहून फांदी आणून लावलेलं, आणि त्याच झाडाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायनांनी नागपुरात आणल्या, त्यांतून दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष उभा राहिला. "म्हणजे आम्ही लेकीच्या घरून आईच्या घरी आलो," त्या म्हणाल्या. मूळ झाड उंच ओट्यावर, फांद्यांना सोनेरी टेकू, जवळ जाऊ देत नाहीत. खाली ओट्याशी एक म्हातारी कमळं वाहत होती आणि पुटपुटत होती. बाईंनी कान दिला तर शब्द ओळखीचे: वण्णगन्धगुणोपेतं, एतं कुसुमसन्ततिं. दर पौर्णिमेला विहारात म्हणतो तेच. चाल वेगळी. पुढची ओळ बाईंनी आपल्या चालीत म्हटली. म्हातारीनं वळून पाहिलं, मग दोघींनी ते शेवटापर्यंत म्हटलं, एकमेकींना सांभाळून घेत. म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. तिनं मुलाच्या मोज्याकडे बोट दाखवून विचारलं, लागलंय का? बाईंनी मान हलवली. होकारार्थी.

"खोटं बोलले मी तिथे," बाई म्हणाल्या. "पंचशील घेतलं आणि लगेच खोटं बोलले." मग बशीत बिस्किट मोडत बसल्या. मुलगा तोवर स्विमिंग पूलच्या कडेला पाय सोडून बसला होता, मोजा घालूनच. मी त्याला म्हटलं, हॉटेलात चालेल तसं. तो म्हणाला, "आता राहू द्या."

दुसऱ्या दिवशी बस कँडीला निघाली. बातमी ग्रुपभर पसरली होतीच, कशी ते विचारू नका. बसमध्ये काही लपत नाही. मागच्या सीटवरच्या काकू मला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, "मुळात गोंदवायचंच कशाला असलं काही?" काकूंच्या मनगटावर हिरवा ॐ आहे. मी पुढे आले तेव्हा दिसलं की मुलाच्या डाव्या हातात डावा मोजा आणि शेजारी खिडकीला बसलेल्या बाईंच्या उजव्या हातात उजवा. एसी बसमध्ये. मी काही विचारलं नाही.

दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरात संध्याकाळच्या पूजेला गेलो. ढोल घुमत होते, रांग इंचाइंचानं सरकत होती. त्या रांगेत तासभर उभं राहून दर्शन मिळतं ते काही क्षणांचं, तेही दाताचं नाही, सोन्याच्या करंड्याचं, आणि बाहेर आल्यावर निदान दोघं तरी मला विचारतात, "झालं? एवढंच?" मुलगा रांगेत होता. तपासणीच्या माणसानं मोज्यावरून हात फिरवला आणि सोडलं. माझ्या पोटात तेवढ्यात काय काय होऊन गेलं.

नंतर तळ्याकाठी बसची वाट बघत होतो, तेव्हा गाइड मुलाशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बघू का?" रस्त्याकडे पाठ करून त्यांनी आडोसा धरला. मुलानं मोजा मनगटाकडे खाली सरकवला. बुद्धाखाली तारीख होती, 14.10.1956. गाइडनी विचारलं, हा वाढदिवस?

बाईंनी सांगितलं. दीक्षाभूमी, लाखो माणसं, बाबासाहेब. आणि त्याआधी 1950 मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते, हेही. गाइडना आंबेडकर हे नाव माहीत होतं, राज्यघटनेमुळे. तारखेचं माहीत नव्हतं. ते बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे हे कातडीवर काढत नाहीत. कातडी घाण होते, मरते." मुलगा म्हणाला, "आमच्याकडे लोक आम्हालेच घाण म्हणत होते सर." मी त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं. शब्दाला शब्द केलं, तरी कमी पडलं असं मला वाटलं. गाइडनी स्वतःच्या हातानं मोजा वर ओढला आणि सेफ्टीपिन लावून दिली. तेवढ्यात आमचे एक काका घड्याळ बघत आले, "मॅडम, डिनरचं काय ते बघा, साडेआठ झाले."

पुण्यात परत येऊन महिना झाला. मी ऑफिसात सांगितलं, फॉर्ममध्ये टॅटूचा रकाना हवा. लगेच मान्य झालं. इतकं लगेच की मला संशय आला. ऑपरेशन्सच्या मुलानं 'सूचना' या सदरात जागाही केली, 'छत्री जवळ ठेवावी' आणि 'मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर' यांच्या मधे. ओळ मी लिहायची आहे. 'अंगावर धार्मिक टॅटू असल्यास कळवावे' असं लिहिलं, ते पोलिसांच्या नोटिशीसारखं वाटतं. 'बुद्धाचा टॅटू लंकेत झाकावा' हे बरोबर आहे, पण ते वाचणारा प्रत्येक माणूस काही त्या ब्रिटिश नर्ससारखा परका नसणार, ते नागपुरात आणि उल्हासनगरातही वाचलं जाणार. कारणासकट चार ओळींचं लिहिलं, तर मार्केटिंग म्हणालं, एवढं कोण वाचतं. अनुराधापुर परत टूरमध्ये घ्या, हेही मी त्याच मीटिंगमध्ये म्हटलं. त्यावर 'पुढच्या सीझनला बघू' असं झालं.

बाईंना फोन करून विचारावं, असं दोनदा मनात आलं. आयुष्यभर सूचना लिहिल्या असतील त्यांनी. पण नंबर काढला की मला तो कुजबुजलेला फोन आठवतो, आणि मी दुसरंच काही तरी काम काढते. ब्रोशर शुक्रवारी छपाईला जातंय. ऑपरेशन्सचा मुलगा रोज दारातून डोकावतो, "मॅडम, ती टॅटूची ओळ?" अजून दिलेली नाही.