अडुळशाच्या पानात प्लास्टिक कुठून आलं?

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी परसाच्या कुंपणाला अडुळसा आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच तो कुंपणाला. तमिळमध्ये त्याला आडातोडै म्हणतात, म्हणजे शेळी शिवत नाही ते झाड, असा अर्थ सांगतात. जस्टिसिया अधाटोडा या शास्त्रीय नावातला ‘अधाटोडा’ तिथूनच आला. खोकला झाला की आजी पानं तव्यावर शेकून रस काढायची आणि मध घालून चमचाभर पाजायची. गरोदर बाईला मात्र ती तो कधीच द्यायची नाही. का, ते विचारलं तर म्हणायची, “नसतो द्यायचा.”

एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी हेच झाड घेतलं. पानांच्या अर्कात औषधी संयुगं कोणती ते शोधायचं. सोपं वाटलं होतं, कारण उत्तर आधीच ठाऊक होतं: वॅसिसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं, आम्लारीसारखं संयुग), जे १८८८ सालीच वेगळं काढलं गेलं आणि ज्याच्या रचनेवरून पुढे कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं. सिरपच्या बाटलीवर ते नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं.

पहिलं काम झाडाची ओळख पटवण्याचं. “अडुळसाच आहे, लहानपणापासून बघतोय,” हे प्रबंधात चालत नाही. फुलासकट फांदी दाबून, वाळवून पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात नेली आणि तिथून दाखला घेतला. फुलं यायची वाट बघण्यात मात्र दीड महिना गेला.

सव्वा किलो ओली पानं माळ्यावर सावलीत वाळवली, मिक्सरला लावली, अडीचशे ग्रॅमच्या आसपास पूड झाली. सॉक्सलेटमध्ये (द्रावक उकळून, थंड करून पुन्हा पुन्हा पुडीवर सोडणारं काचेचं उपकरण) आधी पेट्रोलियम ईथर, म्हणजे मेणचट पदार्थ आणि बराचसा हिरवा रंग निघून जातो, मग मेथॅनॉल. सॉक्सलेट बघत बसायला मजा येते. थिंबलमधलं (पूड भरलेल्या कागदी टोपीतलं) द्रावण भरत भरत वर चढतं आणि एकदम गुडूप करून खाली येतं, दहा-बारा मिनिटांनी पुन्हा. पण वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला नळाचं पाणी लागतं आणि आमच्या इमारतीची टाकी संध्याकाळी साडेपाचला रिकामी व्हायची. एकदा मी चहाला गेलो तेवढ्यात पाणी गेलं. परत आलो तर खोलीभर मेथॅनॉलचा वास. तेव्हापासून एक बादली, एक छोटा पंप आणि बर्फ असा जुगाड.

रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) मेथॅनॉल उडवल्यावर काळपट हिरवा, गुळाच्या काकवीसारखा अर्क उरला. अल्कलॉइड ओळखायच्या मेयर आणि ड्रॅगेनडॉर्फच्या चाचण्या लगेच आल्या, ड्रॅगेनडॉर्फला नारिंगी साका बसला. मी खूश. त्या खुशीत अर्काचा थोडा भाग तसाच एका ठिकाणी जीसी-एमएसला (मिश्रणातली संयुगं वेगळी करून त्यांच्या रेणूंचे तुकडे मोजणारं यंत्र) पाठवून दिला. पैसे खिशातले.

रिपोर्ट आला तो सव्वीस ओळींचा. प्रत्येक पीकपुढे (शेतातलं नव्हे, आलेखावरचं टोक) एक भारदस्त नाव आणि लायब्ररीशी, म्हणजे यंत्राकडच्या माहीत असलेल्या संयुगांच्या संग्रहाशी, किती जुळलं त्याचा आकडा. फायटॉल, पामिटिक आम्लाचा मिथाइल एस्टर वगैरे. वॅसिसिन कुठेच नव्हतं. पण सगळ्यात उंच पिकांपैकी एक होता डाय-टू-इथाइलहेक्झिल थॅलेट. शोधलं, तर हे ‘जंतुनाशक’ म्हणून पानांच्या अर्कांत सापडल्याचे शोधनिबंध निघाले. मी रात्रीत तक्ता केला: संयुग, रेणुभार, औषधी उपयोग. सव्वीसच्या सव्वीस ओळी भरल्या.

माझ्या प्रोजेक्टच्या गाइड मॅडमनी तक्ता बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, “अरे, तुझ्या गावचा अडुळसा प्लास्टिक बनवतो का?”

थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवायला घालतात ते तेलकट रसायन. एमएसमध्ये १४९ वस्तुमानाचा तुकडा मोठा दिसला की जाणकारांना आधी आठवतं ते प्लास्टिक. मॅडम म्हणाल्या, पान न घालता सगळं पुन्हा कर. यालाच ‘ब्लँक’ म्हणतात: रिकामं थिंबल, तेच मेथॅनॉल, तीच भांडी, त्याच डबीत ठेवायचं आणि तेच पाठवायचं. पुन्हा खिशातले पैसे. रिपोर्टमध्ये थॅलेट तसाच, ऐटीत. द्रावण ओढायला मी जी मऊ पारदर्शक पीव्हीसीची नळी वापरत होतो, तिचा हा प्रताप. नळी टाकून काचेची पिपेट घेतली, झाकणांत टेफ्लॉनच्या चकत्या घातल्या, तेव्हा तो पीक जवळजवळ गेला.

तेव्हा कळलं की लायब्ररी नाव देतेच. माहीत नसेल तरी जवळात जवळचं देते. ती ओळख नसते, अंदाज असतो.

मग आडवाटेने न जाता अल्कलॉइडच वेगळी काढायचं ठरलं. अर्क सौम्य आम्लात घुसळला की अल्कलॉइड क्षार होऊन पाण्यात उतरतात, बाकीचा चिकटा गाळून टाकायचा. मग अमोनियाने पीएच नऊच्या वर नेऊन क्लोरोफॉर्मने ती ओढून घ्यायची. लिहायला तीन वाक्यं. प्रत्यक्षात सेपरेटिंग फनेलमध्ये अशी साय धरली की दोन थर कुठे ते कळेना. जोरात हलवलं होतं, दुसरं काय! चिमूटभर मीठ घालून रात्रभर ठेवल्यावर थर सुटले. पाच ग्रॅम अर्कातून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास पिवळट पूड हाती आली.

आता मात्र स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी खात्रीचा शुद्ध नमुना, हवंच होतं. शुद्ध वॅसिसिनची दहा मिलिग्रॅमची कुपी विभागाच्या पैशातून आली, आणि ती उघडताना माझे हात कापत होते. टीएलसीची प्लेट लावली, ज्यावर द्रावकाबरोबर प्रत्येक संयुग आपापल्या उंचीपर्यंत चढतं: इथाइल ॲसिटेट, मेथॅनॉल आणि थोडा अमोनिया. ड्रॅगेनडॉर्फ फवारल्यावर स्टँडर्डचा आणि माझा ठिपका एकाच उंचीवर, दोन्ही नारिंगी. माझ्या रांगेत वर आणखी एक फिकट ठिपका होता. तो वॅसिसिनोन असावा असं वाटलं, कारण वॅसिसिन हवेत राहिलं की ऑक्सिडाइज होऊन तेच बनतं आणि माझा अर्क तीन आठवडे उघडझाक होत होता.

एचपीएलसीवर (द्रावण दाबाने नळीतून सोडून संयुगं वेगळी करणारं यंत्र) दोघांचा बाहेर पडायचा वेळ जुळला, पण मॅडमना तेवढ्याने समाधान नव्हतं. वेळ योगायोगानेही जुळतो. नमुन्यात थोडं स्टँडर्ड मिसळून पुन्हा सोडलं. पीक दुभंगला नाही, नुसता उंच झाला. शेवटी रेणूचं वस्तुमान सांगणाऱ्या एलसी-एमएसला १८९ आला, म्हणजे १८८ चं वॅसिसिन अधिक एक प्रोटॉन. पाणी गळून उरलेला १७१ चा तुकडाही होता. शेजारी २०३ दिसला, तो वॅसिसिनोनचा. तक्त्यात मी पहिल्यापुढे ‘स्टँडर्डने सिद्ध’ लिहिलं आणि दुसऱ्यापुढे ‘संभाव्य’, कारण त्याचं स्टँडर्ड घ्यायला पैसे उरले नव्हते.

दरम्यान वाचताना आजीच्या “नसतो द्यायचा”चंही उत्तर सापडलं. वॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

सव्वीस ओळींचा तक्ता दोन ओळींचा झाला. खाली तिसरी ओळ होती: १४ मिनिटांचा पीक. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“माहीत नाही, सर. ब्लँकमध्ये येत नाही, एवढंच सांगू शकतो.”

त्यांनी मान डोलावली आणि पान उलटलं.