पालिकेचा पगार कशावर ठरावा?

सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन ठरवताना १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेचे निकष आधाराला घेतले, ज्यांत प्रौढ माणसाला दररोज २,७०० उष्मांक आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरलेले आहे. महापालिकांच्या वेतनश्रेण्याही अखेर आयोगांच्याच चौकटीत बसवल्या जातात.

मात्र खरी विषमता श्रेणीबाहेर, म्हणजे हंगामी आणि कंत्राटी कामगारांच्या पगारात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात हंगामी कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू केले. तरीही एकाच रस्त्यावर झाडू मारणाऱ्या कायम आणि कंत्राटी सफाई कामगारांच्या हाती पडणाऱ्या रकमेत मोठी तफावत राहते, कारण कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो.