महालक्ष्म्यांच्या तोंडावर

भाद्रपदात आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी निराळी असते. तापाचे, खोकल्याचे पेशंट असतातच, पण महालक्ष्म्या बसायच्या आठवड्यात बायका टेबलाजवळ वाकून हळूच एकच मागतात, "मॅडम, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या की." मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वैद्यकीय अधिकारी आहे. रक्तदाब, अर्धशिशी, पायात कधी गुठळी झाली होती का, हे विचारल्याशिवाय मी कुणालाही ही गोळी लिहून देत नाही. मेडिकलमध्ये मात्र चिठ्ठीशिवायही ती मिळते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आवाहनाच्या आदल्या दिवशी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) सून कॅनडातून सणासाठी आलेली, लग्नाला तीन वर्षं झालेली. सासूबाईंच्या हातात नॉरएथिस्टेरॉनचं, म्हणजे पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचं, पाकीट होतं. "उद्या महालक्ष्म्या बसायच्यात अन् हिला डाग लागायलेत. हे आणलंय मेडिकलमधून, चालू करू का?" सून खाली मान घालून गप्प. तपासायचं म्हणून मी सासूबाईंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. सुनेशी एकटीशी बोलायचं हा माझा नेमच आहे.

आत गेल्यावर तिनं पाठमोरं होऊन दाखवलं. कुल्ह्याच्या वरच्या बाजूला कातडीच्या रंगाची चौकोनी पट्टी. दोन कोपरे सुटलेले, कडेच्या गोंदाला कपड्याचे काळे धागे चिकटलेले, वरून आडवी साधी चिकटपट्टी. आजूबाजूची कातडी तेलानं चकाकत होती. गर्भनिरोधक पॅच. पुस्तकात वाचलेला, पण माझ्या ओपीडीत पहिल्यांदाच दिसत होता.

"आईंना कंबरदुखीची पट्टी आहे असं सांगितलंय," ती म्हणाली. "सकाळी त्यांनी मायेनं तिळाचं तेल कोमट करून कंबर चोळून दिली. मला नाही म्हणता येईना."

या पॅचला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. त्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन हार्मोन्स कातडीतून रक्तात जातात, बीजांड बाहेर पडणं थांबतं. दर आठवड्याला नवा, असे तीन पॅच लावायचे आणि चौथा आठवडा मोकळा सोडायचा. त्या मोकळ्या आठवड्यात जे रक्त जातं त्याला सगळ्या पाळी म्हणतात, पण ती खरी पाळी नव्हे. हार्मोन्स एकदम थांबल्यामुळे गर्भाशयाचं अस्तर सुटून येतं, इतकंच. सणात अडचण नको म्हणून हिनं तो मोकळा आठवडाच गाळला होता आणि चौथा पॅच लागोपाठ लावला होता. असं करता येतं, तिकडचे डॉक्टर सांगतातही. पण सलग वापरताना सुरुवातीच्या महिन्यांत मधेच डाग लागतात, हे तिला कुणी नीट समजावलेलं नव्हतं. रात्रभर ती घाबरून जागी होती. पोटात काही बिघडलं, की दिवस राहिले?

लघवीची तपासणी केली, दिवस नव्हते. इतक्या लांबचा विमानप्रवास आणि वर इस्ट्रोजेन, पायात गुठळी तर नाही ना, म्हणून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. सूज नाही, दुखरेपणा नाही. रक्तदाब ठीक. पॅच सुटून चोवीस तास झालेले नव्हते, म्हणून मोठी अडचण नव्हती. तेल न लागलेल्या कोरड्या जागी, दंडावर नवा लावायचा, बदलायचा वार तोच ठेवायचा, वरून चिकटपट्टी मारायची नाही. चोवीस तास उलटले असते तर नव्यानं सुरुवात आणि सात दिवस निरोध, हेही सांगून ठेवलं. डागांसाठी दोन वाटा होत्या. तीन-चार दिवस पॅच काढून ठेवायचा, म्हणजे रक्त येऊन जाईल आणि मग पुन्हा लावायचा. तीन आठवड्यांहून जास्त सलग वापर झालेला असल्यामुळे हे चाललं असतं. नाहीतर तसंच चालू ठेवायचं, डाग आपोआप कमी होतात. तिनं चालू ठेवायचं ठरवलं.

मेडिकलच्या गोळ्यांना मात्र मी स्पष्ट नाही म्हटलं. पाळी लांबवायला त्या जेवढ्या घेतात, त्यातल्या थोड्या भागाचं शरीरात इस्ट्रोजेनच होतं. पॅचवर आणखी त्याची भर कशाला?

"बाहेर काय सांगू?" मी तिला विचारलं.

"आजार नाही एवढंच सांगा."

तेवढंच सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "मग पाळी आहे का?" मी म्हटलं, "नाही काकू, ही पाळी नाही. गोळ्या देऊ नका, अन् कंबरेला तेलही लावू नका." त्यांचा चेहरा मोकळा झाला. पाळीतलं बाजूला बसणं मला स्वतःला पटत नाही, पण त्या मुलीला त्या दिवशी माझं मत नको होतं, भीती जायला हवी होती.

आमची तपासणीची खोली एकच, मधे पडदा. पलीकडच्या टेबलावर तिशीतली एक बाई आपल्या नंबराची वाट पाहत पडून होती. तिची तपासणी सुरू केली तर तिचाच प्रश्न आला, "मॅडम, ती पट्टी मला मिळंल का? अंगावरचं बंद होतं ना तिनं? आमी दसऱ्यानं निघताव. मी तर पिशवी काढून द्या म्हणायलाच आले होते."

ती दर वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, कोपीत पाणी नाही, चार दिवस कपडा बदलायला जागा नाही. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया विधिमंडळात गाजल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणी आजही कंबरदुखी आणि अंगातली आग घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे "पिशवी काढा" हे शब्द ऐकले की मी हातातलं सगळं बाजूला ठेवते.

पॅच सरकारी पुरवठ्यात नाही. शिवाय घाम, पाचट, धूळ यांत तो टिकणं अवघड. मी तिला 'अंतरा' ही गर्भनिरोधक सुई सांगितली. तीन महिन्यांतून एकदा, फुकट. पहिले काही महिने डाग अवेळी येतील, नंतर बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. ती लगेच म्हणाली, "मग ते रक्त आत साचंल की! घाण कुठं जाईल?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की मी कागदावर पिशवीचं चित्र काढूनच बोलते. पिशवीत दर महिन्याला अस्तर तयार होतं, तेच सुटून येतं. सुईनं अस्तर वाढतच नाही. जे झालंच नाही ते साचणार कुठून? सुई बंद केली की पाळी परत येते, मूल हवं असेल तर मात्र काही महिने वाट पाहावी लागते. तिला दोन मुली होत्या, नसबंदी झालेली नव्हती, पुढचं मूल एवढ्यात नको होतं.

त्या दिवशी सुई दिली नाही. रक्त जास्त जायचं म्हणून आधी ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी करून घेतली, पांढऱ्या पाण्याचं औषध दिलं, हिमोग्लोबिन ८ निघालं तर लोहाच्या गोळ्या चालू केल्या. पिशवी निरोगी होती. पुढची पाळी आल्यावर, दसऱ्याच्या आधी, ती येऊन सुई घेऊन गेली. कार्डावर पुढची तारीख पौषातली पडली. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालतं, कुठल्याही सरकारी दवाखान्यात कार्ड दाखव, असं तीनदा सांगितलं आणि माझा नंबर कार्डाच्या मागं लिहिला.

जानेवारीत फडावरून फोन आला. तिथल्या दवाखान्यात म्हणत होते, तुमचं गाव इकडचं नाही, तिकडंच जाऊन घ्या. मी म्हटलं, सिस्टरकडं फोन दे. पाच मिनिटं बोललो, त्यांनी कार्ड पाहिलं आणि सुई दिली. फोन परत हातात आल्यावर ती म्हणाली, "दोन महिने झाले मॅडम, अंगावरून काहीच नाही गेलं. ते चित्र मी टोळीतल्या बायांना काढून दाखवलं. त्यातल्या दोघी विचारायल्यात, परत आल्यावर तुमच्याकडं यावं का म्हणून."